शेपटीची लिंबू-मिरची

रविवार, संध्याकाळ. मी सांगून राहिले, नात लिहून राहिली.

आमचा सुधीर रिटायर झाला अन् रिमोटचं विमान घेऊन आला. आज पहिल्यांदा उडवणार, म्हणून नजर लागू नये असं मी शेपटीला लिंबू-मिरची बांधली. मैदानावर त्यानं पंखांखाली बोटं धरून विमान तोललं, तर ते मागे कललं.

"आई, शेपटी जड झाली तर हे कोणाच्या डोक्यावर पडेल!"

"मग नाकाला बांध."

"तिथं पंखा फिरतो, चटणी होईल."

सोडलीच त्यानं लिंबू-मिरची! पाहायला जमलेल्या पोरांना मागे हटवलं, मग उडवलं. एक चक्कर मारून विमान गवतावर उतरलं, कोणाला खरचटलंही नाही.

आईचा शब्द मोडला त्यानं. तरी मला काहून बरं वाटून राहिलं? हे त्याला सांगू नको म्हटलं, तर नातीनं तेही लिहिलं.