बाहेर पडल्याची वेळ

सोमवार, ४ मार्च

सकाळी साडेनऊला पोहोचले. सामान म्हणजे दोन पिशव्या आणि एक ट्रंक. व्यसनमुक्ती केंद्राची ही इमारत पूर्वी शाळा होती. खोल्यांच्या दारांवर अजून वर्गांचे आकडे आहेत. मला ऑफिसमागची खोली दिली आहे. लोखंडी पलंग, टेबल, नळ, पूर्वेला खिडकी, भिंतींना नवा रंग. खोली मला आवडली. बऱ्याच महिन्यांनी कपाट हौसेने लावलं.

काम लिखापढीचं. दाखल होणाऱ्यांचे फॉर्म, पत्रं, भेटीची नोंदवही. शाळेच्या कार्यालयात बावीस वर्षं हेच केलं आहे, जड जाणार नाही. डॉक्टर माझ्याहून बरेच लहान आहेत, मला काकू म्हणतात. स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, इथे चहात साखर भरपूर मिळेल, कौतुक मागू नका. फाटकावर बसतात त्यांना सगळे हवालदार म्हणतात. ते पोलिसात कधीच नव्हते. अठरा वर्षं प्यायले, अकरा वर्षं बंद आहेत. माझी ट्रंक त्यांनीच उचलली आणि म्हणाले, ताई, आत बाटल्या नाहीत ना, काहीच वाजत नाही म्हणून शंका आली. सगळ्यांबरोबर मीही हसले.

तुमचे मिस्टर कशाने गेले, असं मावशींनी विचारलं. हार्टने, आठ महिने झाले, असं सांगितलं.

बुधवार, ६ मार्च

सध्या एकोणीस पेशंट आहेत, सगळे पुरुष. बायकांची खोली आहे, पण ती रिकामीच असते. बायका पीत नाहीत असं नाही, मावशी म्हणाल्या, त्यांना कोणी आणत नाही.

दुपारी डॉक्टर नातेवाइकांशी बोलले. मी दाराशी बसून ऐकलं. हा आजार आहे, हट्ट नाही, असं ते म्हणाले. मन घट्ट करून जसा मधुमेह जात नाही तसाच हाही जात नाही. घरचे लाजेपोटी झाकतात आणि आजाराचं फावतं. एका म्हाताऱ्या वडिलांनी विचारलं, माझ्या पोराची सुटेल ना? हवालदार मागून म्हणाले, बाबा, सुटली म्हणू नका, आज घेतली नाही एवढंच म्हणा. सुटली म्हटलं की तिला ऐकू जातं. म्हातारेबुवासुद्धा हसले.

ह्यांना पोहोचवून आलो तेव्हा लोक मला म्हणाले होते, सुटले बिचारे. जाऊबाई कानात म्हणाल्या, तूही सुटलीस.

रविवार, १० मार्च

भेटीचा दिवस. चार ते पाच. टेबल व्हरांड्यात मांडून बसले. नोंदवहीत रकाने आहेत: येणाऱ्याचं नाव, कोणाला भेटायचं, नातं, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ. गर्दी चांगली होती. एका बाईंनी नवऱ्यासाठी उशी आणली होती. दोघं ती मध्ये ठेवून तासभर बसले.

पाचनंतर वही तपासली. बावीस जण बाहेर पडले, ओळी तेवीस. सगळ्यात वरच्या ओळीत नावाच्या रकान्यात फक्त "मी" लिहिलं आहे. आत ४:००. बाकी रकाने कोरे. हवालदारांना दाखवलं. ते म्हणाले, कोणीतरी गंमत केली असेल, आत शिरलेला माणूस बाहेर पडतोच, शिरल्यावर न पडणारी एकच गोष्ट असते. मग मोठ्यांदा हसले.

पहिली ओळ भरली तेव्हा मी टेबलाशीच होते.

मंगळवार, १२ मार्च

आज भेटीचा दिवस नव्हता. वही माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. साडेचारला काढली तर कालची एक ओळ आणि आजची एक. मी. ४:००. मी. ४:००. बाहेर पडल्याची वेळ नाही.

दारावर थाप पडली आणि कोण म्हणून विचारलं की हे असंच म्हणायचे. मी. जगात दुसरा कोणी मी नसल्यासारखं.

इथे खोटं लिहिलं ते खोडत नाही, खाली खरं लिहिते. हार्ट नव्हतं. हे असल्याच एका केंद्रात होते, दुसऱ्या गावात. स्वतःहून म्हणाले होते, मला घेऊन चल, माझ्याने आता होत नाही. मी नेलं. लोकांना सांगितलं की ऑफिसच्या ट्रेनिंगला गेलेत. फॉर्मवर नात्याचा रकाना आला तेव्हा बाजूला माझ्या शाळेतल्या एका मुलाची आई उभी होती. मी लिहिलं: ओळखीच्या बाई. ह्यांनी वाचलं. मान खाली घातली. फोन नंबरात शेवटचा आकडा मुद्दाम चुकवला, घरी फोन नको म्हणून.

चार रविवार मी गेले नाही. चौथ्या रविवारी पाच वाजता हे फाटकातून बाहेर पडले. बसथांब्यावर सापडले. नंबर चुकीचा, म्हणून दोन दिवस प्रेत बेवारस.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

शनिवार, १६ मार्च

रोज एक ओळ. मी पानं फाडत नाही, सरकारी वही आहे.

आता ऑफिसात बसायला नको वाटतं. कोणी आहे असं नाही. कोणीतरी अवघडून बसलं आहे, असं. परक्या घरी बसतात तसं.

रविवार, १७ मार्च

आज समोरून नजर हलवली नाही. चारला व्हरांड्यातल्या बाकावर हे बसलेले होते.

केस नीट विंचरलेले. गुडघे जुळवलेले, मांडीवर कापडी पिशवी. दाखल व्हायला येणाऱ्यांकडे असते तशी, वर टॉवेल दिसत होता. सगळे नातेवाईक आपापल्या माणसाकडे बघत होते, हे माझ्याकडे. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग जरासे सरकले आणि बाकावर माझ्यापुरती जागा केली.

वहीत: मी. कोणाला भेटायचं: ऑफिसातल्या बाईंना. नातं: नवरा.

माझ्यासारखं नाही, ह्यांनी नातं लिहिलं.

सोमवार, १८ मार्च

हेही लिहायला हवं. ट्रंकेत बाटल्या होत्या. वाजू नयेत म्हणून टॉवेलांत गुंडाळल्या होत्या. हे गेल्यावर घर आवरताना माळ्यावर ह्यांची एक सापडली. मोरीत ओतायला गेले, वास आला, ह्यांचा वास. ओतली नाही. आता रोज दुपारी तीनला, स्टीलच्या पेल्यात, औषधासारखी. आता दोनलाही. इथे नोकरी धरली ती सेवा म्हणून नाही. वाटलं होतं, दवाखान्यात राहिलं की न सांगता गुण येईल.

आणि वहीतल्या त्या ओळींचं अक्षर ह्यांचं आहे हे खरं. पण ह्यांचे रजेचे अर्ज अकरा वर्षं मीच लिहायचे. पोट बिघडल्यामुळे. ताप आल्यामुळे. ह्यांची सही मला ह्यांच्यापेक्षा बरी येते.

तीननंतरचं मला नीट आठवत नाही.

मंगळवार, १९ मार्च

हवालदार टेबलाशी आले. हसले नाहीत. म्हणाले, ताई, माझं नाक म्हातारं झालंय पण विसरलेलं नाही. डॉक्टरांना मी सांगणार नाही, तुम्ही सांगा, आज सांगा. माझी आई पदराआड प्यायची, आम्हाला कळलं तेव्हा तिला खांद्यावर घ्यायची वेळ आली होती.

जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

डॉक्टरांना सांगितलं. सगळं नाही. किती, कधीपासून, हात थरथरतात का, एवढंच त्यांनी विचारलं. आवाज बदलला नाही, काकू म्हणायचे तसंच म्हणाले. एकटीने एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकतं. गोळ्या दिल्या, आज संध्याकाळी एक, सकाळी एक. उद्या दहाला बायकांच्या खोलीत या, मावशी सोबत राहतील. तीन-चार दिवस त्रासाचे. काही जणांना नसलेलं दिसतं, आवाज येतात, घाबरायचं नाही.

मी विचारलं, दिसतं ते जातं का. ते म्हणाले, पूर्ण जातं, पाचव्या दिवशी डोकं तुमचं तुमचं असेल.

पाचव्या दिवशी.

म्हणजे बाहेर पडल्याच्या वेळेचा रकाना मलाच भरायचा. ह्यांना पुन्हा फाटकाबाहेर मीच —

टेबलापाशी दुसरी खुर्ची आहे. सकाळी नव्हती. मी तिच्याकडे पाठ करून लिहिते आहे. संध्याकाळची गोळी घेतली नाही. बाटलीही नाही. दोन्ही समोर ठेवून बसले आहे.

बुधवार, २० मार्च. सकाळ

सकाळची गोळीही अजून घेतली नाही. अक्षर असं येतंय. घाम. भिंतीचा रंग हलतो —

खुर्ची जवळ आली आहे. गुडघे जुळवलेले.

बोलले असते तर. काहीतरी टाकून बोला म्हटलं. ओळखीच्या बाई म्हणा. काहीच नाही, नुसतं —

साडेनऊ. जायचं. जायचं ठरवलं आहे. हे इथे राहिले तर मी उरणार नाही, इतकं कळतं. सकाळची गोळी आत्ता घेतली. पाणी निम्मं सांडलं. ह्यांना सांगितलं, मी जाते. फॉर्मवर नाव खरं लिहीन. मान खाली घातली.

मावशी म्हणाल्या होत्या, नखं कापून या, आत ब्लेड, कात्री काही मिळणार नाही. नेलकटर घेतला. डाव्या हाताची दोन झाली. तिसऱ्याला कातडी लागली, रक्त आलं. थरथर थांबली की पुन्हा —

दहाला सात मिनिटं कमी. उरलेली राहू देत. उठते.

उजवा हात थरथरतोच आहे, हे अक्षर त्याचं. डावा टेबलावर आहे. तो थरथरत नाही. अजिबात नाही. दुसऱ्याची नखं कापताना बोटांखाली अंगठा लावून धरतात तसा कोणीतरी नीट सरळ धरल्यासारखा, आणि मी ओढते आहे तरी —