तेहेतीस बुंधे

२ नोव्हेंबर २०१९, शनिवार
सकाळचे ११ वाजून २० मिनिटे. उतारावर बसून मोनार्क फुलपाखरे मोजत होतो, ते थांबवून लिहितो आहे.

फिदेन्सियो,

दरवेळी ‘प्रिय दादा’ लिहितो. आज हात वळला नाही.

आई बरी आहे. गुडघा दुखतो. काळी मेंढी व्याली. खुशाली संपली.

फुलपाखरे परवा आली. नेहमीप्रमाणे आपल्या वाट्याच्या ओयामेल झाडांवर बसायला उतरली. तिथे आता बुंधे आहेत. ती वर उठली, पुन्हा उतरली. एकच घोळका सतरा वेळा घिरट्या घालताना मी दुर्बिणीतून पाहिला. नंतर दव गोठले. आज बुंध्यांभोवती मेलेली दोनशे चौदा मोजली. पुढे मोजवेना.

आज मृतांचा दिवस, गेलेली माणसे फुलपाखरे होऊन येतात म्हणून आई बाबांसाठी झेंडू आणि गोड पाव घेऊन वर आली होती. एका फुलपाखराकडे बोट करून म्हणाली, “ते बघ, आले तुझे बाबा. बसायला जागा शोधतायत. कुणी रे तोडली इथली झाडं?”

“कीड लागली होती, आई.”

“तुला कोण म्हणालं?”

मी झेंडू मांडू लागलो. तू असतास तर हसून काहीतरी ठोकून दिले असतेस. ते तुला चांगले जमते.

स्मशानात गावच्या जंगलसभेचे प्रमुख निकानोर भेटले. सगळ्यांसमोर म्हणाले, “काय मास्तर, सभेच्या वहीत तुम्ही लिहिलंत, झाडं आजारी. मग हे पाहुणे काय वेडे आहेत?” लोक हसले. मीही हसलो. त्याची लाज अजून जात नाही.

जुलैत तू म्हणालास, “कीड लागली असं लिही रे, म्हणजे तोडायची परवानगी मिळेल. आत्ता फुलपाखरं नाहीत, कुठलं झाड कुणाचं घर, कोण ओळखतंय? आणि तुझ्या अक्षरावर कोणी शंका घ्यायचं नाही.” मी ओळखत होतो. माझ्या वहीत चार हिवाळ्यांचे आकडे आहेत. तोडलेल्या त्याच तेहेतीस झाडांपुढे ‘थवा बसतो’ असे लिहिले आहे. सभेच्या वहीत त्यांच्यापुढे मीच ‘कीड’ लिहिले. एकही खाडाखोड नाही. लाकूड विकले गेले, आठवड्याने तू दुर्बीण आणून दिलीस. मी ती घेतली. वर आभारही मानले.

उद्या सभा आहे. मी दोन्ही वह्या नेणार. आधी माझे नाव सांगेन, मग तुझे. जंगलावरचा आपला हक्क जाईल, आईचाही. तिला आज जेवायच्या आधी सांगणार आहे. मला अडवायला येऊ नकोस. यायचेच असेल तर सभेत ये आणि सगळ्यांसमोर तोंड उघड.

दुर्बीण बसच्या ड्रायव्हरकडे पाठवतो आहे. फुलपाखरे नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

दुर्बीण पाठवण्याचा खर्च: ६० पेसो, मी दिले.
तुझे देणे: ३३ झाडे.
माझे देणे: तेवढेच.

तुझाच भाऊ, हे खोडता येत नाही म्हणून,
आबुंदियो