सतराव्या खुर्चीचा चष्मा

३ मार्च

ती. मावशीस,

नमस्कार. वाकून केला आहे असं धरून चाल.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. फोनवर डोळ्यांचा विषय काढला की तू लगेच आईला फोन द्यायला सांगतेस, म्हणून लिहून कळवते. दोन वर्षांपूर्वीच्या पत्रात तुझ्या अक्षरांची उंची साडेतीन मिलिमीटर होती. गेल्या वर्षी पाच. या पत्रात सात आहे, आणि चौथ्या ओळीपासून अक्षरं कागदावरची रेघ सोडून चालली आहेत. दुकानात चष्म्याच्या काचेची जाडी ज्या मापाने मोजते त्याच मापाने मोजलं आहे, तेव्हा हा अंदाज नाही. तुला सत्तेचाळीस पूर्ण झाली. चाळिशी लागली आहे, तीही उशिरा. हा आजार नाही. डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि जवळचं धूसर दिसतं, इतकंच.

आमच्या दुकानात ये असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाईकं ज्या फ्रेम्स घालून बघतात त्या आठवड्यातून एकदा पुसायच्या असा मालकांचा नियम आहे, आणि पुसायचं फडकं महिनाभर तेच असतं. आज सकाळी एका फ्रेमच्या नाकावर टेकणाऱ्या चकत्या मी टाचणीने खरवडत होते. जे निघत होतं ते धड पिवळं नव्हतं आणि धड हिरवंही नव्हतं. निम्मं निघेपर्यंत मालकांनी तीच फ्रेम माझ्या हातातून घेतली, एका बाईंच्या नाकावर चढवली आणि तुम्ही दहा वर्षांनी लहान दिसता असं त्यांना सांगितलं. बाई लाजल्या. मी दुपारचा डबा तसाच घरी आणला.

तेव्हा तुझ्या तिकडे कुठेही जा, पण जा. आईची साखर ताब्यात आहे. रोज सकाळचं इंजेक्शन मीच देते.

माया आहे तेवढी राहू दे.

तुझी भाची


९ मार्च

चि. मोजपट्टीस,

अनेक आशीर्वाद. किती ते मोजून घे.

मावशीचं पत्र वाचायचं असतं गं, त्याला माप लावायचं नसतं. तुझी आई लहानपणी माझ्या वेण्या वितीने मोजायची आणि डावी बोटभर लांब आहे म्हणून मला रडवायची. अगदी तिच्यावर गेली आहेस. अक्षर मोठं झालं कारण माझ्या खोलीतला दिवा मंद आहे आणि पेन जाड आहे. झालं समाधान?

अठरा वर्षं मी इंजेक्शनच्या कुप्या तपासते, हे तू विसरलीस वाटतं. समोर एक पांढरी पाटी, एक काळी, डोक्यावर दिवा. कुपी उचलायची, उलटी करून फिरवायची. पांढऱ्यापुढे काळा कण दिसतो, काळ्यापुढे पांढरा धागा दिसतो. खोकं भरलं की आत चिठ्ठी पडते, तपासनीस सतरा. सतराच्या खोक्याची आजवर एक तक्रार नाही. सगळ्याजणी मला घार म्हणतात ते काय माझ्या नाकावरून? गेल्याच महिन्यात कारखान्यात वर्षाची डोळे तपासणी झाली. तळची ओळ खाडखाड म्हटली मी. डॉक्टर मान वर न करता ‘पुढची’ म्हणाले, इतकं खाडखाड.

आणि चष्मा आमच्यात असा तसा लागत नसतो. ज्या बाईला लागला ती लेबलांच्या हॉलमध्ये. चष्म्यावर वाफ धरते, तो घसरतो, हात तिकडे जातो, असं साहेबांचं म्हणणं. आमच्यातली सगळ्यात वयाने मोठी, तिला आम्ही मोठीच म्हणतो, ती तिकडे गेली. आता दिवसभर डिंकाच्या वासात बसते आणि जेवायला आमच्या टेबलावर येत नाही. बोलावलं तरी येत नाही.

तरी तुझ्या शब्दाला मान म्हणून बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात गेले. पहिल्याच फ्रेमच्या बिजागरीत कुणाचा तरी पांढरा केस वेटोळं घालून बसला होता. तो दाखवला तर दुकानदाराने काय करावं? फ्रेमवर तोंडाने हाऽ करून वाफ सोडली, शर्टाच्या टोकाला पुसली आणि माझ्या नाकावर बसवली. त्याने दुपारी काय खाल्लं ते मला डोळ्यांनी समजलं बाई. आरशावर शंभर बोटांचे ठसे, आणि त्या ठशांच्या मागे आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाई उभ्या. ती मी. उलटी यायच्या आत बाहेर पडले. घरी येऊन नाक दोनदा साबणाने धुतलं.

तेव्हा आता हा विषय बंद. ताईला जप, आणि माझ्यावरचा लोभ मिलिमीटरमध्ये आणू नकोस.

तुझी मावशी


१४ मार्च

ती. मावशीस,

नमस्कार.

वाफ आमचे मालकही सोडतात. तो या धंद्याचा रिवाज दिसतो.

विषय बंद करण्यापूर्वी थोडी माहिती हवी. तपासणीत तो अक्षरांचा तक्ता तुझ्यापासून किती लांब होता? बारीक अक्षरांचं एखादं कार्ड तुझ्या हातात देऊन वाचायला लावलं का? आणि कामावर कुपी डोळ्यांपासून किती अंतरावर धरतेस, ते कुणाला तरी पट्टीने मोजायला सांग. तू स्वतः मोजू नकोस. स्वतः मोजताना माणूस हात जवळ घेतो.

तुझं अक्षर सात मिलिमीटर आणि तळची ओळ खाडखाड, या दोन गोष्टी एका डोळ्यात बसतात. तेच मला आवडलेलं नाही.

राग आला तर लिहून कळव. फोनवर नको.

तुझी भाची


२२ मार्च

चि. मोजपट्टीस,

आशीर्वाद. या वेळी चेष्टा नाही.

तुला खरं लिहिते, ताईला वाचून दाखवू नकोस. तळची ओळ मी वाचत नाही, म्हणते. आमच्याकडे तक्ता अकरा वर्षांत बदललेला नाही. सगळ्या विभागाला ती ओळ पाठ आहे. नवी बाई आली की आठवड्याभरात तिच्याकडून कपडे बदलायच्या खोलीत घोकून घेतो, चालीवर. तक्ता मोठ्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला, चांगला वीस पावलांवर असतो. हातात कार्ड वगैरे कधी कुणी दिलं नाही. अंतर आमच्यातल्या धाकटीने मोजलं, एकसष्ट सेंटिमीटर. ती हसून म्हणाली की घारीचे पंख आता याहून लांब होणार नाहीत.

हे मी तुला कधी लिहिलं नसतं. पण सोमवारी एक कुपी परत आली. कुठल्याशा दवाखान्यातल्या नर्सने सुई खुपसण्याआधी बघितलं म्हणून निभावलं. आत माशीचा पाय होता, आणि खोक्यातली चिठ्ठी सतराची. साहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि कुपी हातोहात फिरवली. एकीने ई केलं, एकीने तोंडावर हात धरला, धाकटीने तर बघून मानच फिरवली. मग कुपी माझ्या हातात आली. मी फिरवली, पांढऱ्यापुढे धरली, काळ्यापुढे धरली. आत पाणी होतं. स्वच्छ पाणी. बाकी काही नाही. आणि मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने शी म्हटलं. नाक मुरडलं, खांदे उडवले, सगळं केलं. साहेबांनाच माझी कीव आली. अठरा वर्षांत एकदा होतं असं, म्हणाले, आणि विषय मिटवला.

जेवणाच्या सुट्टीत कुपी त्यांच्या टेबलावर तशीच पडली होती. ती घेऊन लेबलांच्या हॉलमध्ये गेले आणि मोठीकडे तिचा चष्मा मागितला. तिने तो नाकावरून काढून दिला. चष्म्याच्या काड्या डिंकाने चिकट होत्या, एक माझ्या केसांना चिकटली. तसाच घातला. पाय होता. सांध्यात वाकलेला, टोकाला आकडी, आणि त्यावर बारीक लव. मग जी शी आली तिला आवाज नव्हता. मोरीपर्यंत जेमतेम पोहोचले.

त्यानंतर तीन दिवस मी त्याच खुर्चीवर बसले आहे. कुप्या उचलते, फिरवते, ठेवते. काय ठेवते ते मला माहीत नाही.

मला लेबलं लावायची नाहीत गं.

तुझी मावशी


२६ मार्च

ती. मावशीस,

नमस्कार.

आधी तक्त्याचं. ती ओळ तू पाठ केलीस ते फुकट गेलं. इतक्या लांबचं तुला आजही दिसतं. रस्त्याच्या पलीकडच्या पाट्या तू माझ्याआधी वाचतेस. चाळिशीत बिघडतं ते जवळचं, आणि तुमच्या कुप्या वीस पावलांवर नसतात. म्हणजे अकरा वर्षं तुम्ही सगळ्यांनी मिळून ज्या तपासणीत न फसवताही पास झाला असतात तिला फसवलंत, आणि जे तपासायला हवं होतं ते कुणी तपासलंच नाही. तुमच्या डॉक्टरांबद्दल माझं मत मी लिहीत नाही, कागद खराब होईल.

तुझ्या त्या खोट्या शीची मला किळस आली. हेही लिहायचं नव्हतं, पण मग तुला बाकीचं खरं वाटणार नाही.

आईच्या इंजेक्शनचं खोकं तुमच्याच कारखान्याचं असतं, हे तू जाणतेस. चिठ्ठीवर बहुतेक वेळा दुसरा आकडा असतो. आजवर दोनदा सतरा निघाला. त्या दोन्ही चिठ्ठ्या आईने आरशाच्या कडेला खोचून ठेवल्या आहेत आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. इतर वेळी मी कुपी खिडकीशी नेऊन बघते. सतरा असला की बघत नसे. आता सगळ्या बघते.

तुला लेबलं लावायची नाहीत हे समजलं. उद्यापासून चष्म्याशिवाय त्या खुर्चीवर बसू नकोस, एवढंच माझं म्हणणं आहे. पुढचं तुझं तू ठरव.

नंबर डॉक्टरकडून काढून घे. माझा अंदाज पावणेदोनचा आहे, पण अंदाजावर काचा करू नयेत. कुपी पंचवीस सेंटिमीटरवर धरायची असते, हे त्यांना आपण होऊन सांग, ते विचारणार नाहीत. फ्रेम घ्यायला जाताना स्पिरिट आणि कापूस घेऊन जा. डोकं खाली घालून हलव, घसरली तर ती तुझी नाही. बिनकडेची पातळ फ्रेम घेऊ नकोस. लपवण्यासाठी घेतलेला चष्मा पिशवीतच राहतो, हे मी दुकानात रोज बघते.

कमी-जास्त लिहिलं असेल. खोडत नाही.

तुझी भाची


८ एप्रिल

चि. मोजपट्टीस,

आशीर्वाद. अक्षर मोज.

नंबर निघाला तो तुझ्या अंदाजापेक्षा पावाने जास्त. मग त्याच दुकानात गेले. स्पिरिटची बाटली त्याच्या काउंटरवर ठेवली आणि एकेक फ्रेम पुसायला घेतली. पहिला बोळा करडा झाला, दुसरा तपकिरी. सगळे बोळे त्याच्यासमोर ओळीने मांडले. त्याने पुन्हा वाफ सोडायला तोंड उघडलं तेव्हा मी असं काही बघितलं की त्याने ते मिटून घेतलं. मग आमच्या पद्धतीने तपासणी केली. वहीच्या कोऱ्या पानापुढे धरायची, मग माझ्या काळ्या पिशवीपुढे. एकीचा स्क्रू अर्धाच आत गेला होता, एकीला चीर, एकीच्या दोन काड्या लहानमोठ्या. अकरा नापास केल्या. त्याचा आग्रह एका सोनेरी नाजूकशीचा होता, तिच्यात मी तरुण दिसते म्हणे. बारावी घेतली. काळी, जाड, शिवणाच्या बाईंची असते तशीच. काचा बसून आल्यावर तिच्यातून पहिलं काही दिसलं असेल तर दुकानदाराच्या अंगठ्याचं नख. त्याविषयी लिहीत नाही, तू डबा खाल्ला नसशील.

दुसऱ्या दिवशी चष्मा घालूनच हॉलमध्ये शिरले. सगळ्यांचे हात थांबले. मी सरळ साहेबांकडे गेले आणि सांगितलं की माशीचा पाय मला त्या दिवशी दिसला नव्हता. त्यांनी आधी उठून दार लावलं. मग बराच वेळ चष्मा वाफेने कसा धुरकटतो ते मला समजावलं. मी म्हटलं की गोदामात सतराची खोकी आहेत तेवढी मला परत बघू द्या, मग लेबलं लावते. तीन दिवस बसले. अठराशे कुप्यांमधून सव्वीस काढल्या. धागे, काचेचे कण, एकीत केस. सगळ्या मीच पास केलेल्या. सव्वीस एका ताटलीत ठेवून साहेबांपुढे ठेवल्या तेव्हा त्यांनी ताटली लांब सरकवली, जशी काही मी उष्टं वाढलं. पण बाहेर गेलेला माल परत मागवायचं पत्र त्यांनी माझ्यासमोर लिहिलं. सही होईपर्यंत मी उभी राहिले.

परवापासून लेबलांवर आहे. डिंकाचा वास केसात, जेवणात, उशीत. मोठी शेजारी बसते. आम्ही दोघी मिळून आमच्या जुन्या टेबलावर जेवायला जातो, तोंड वाकडं करायचं त्यांनी करावं.

ताईला सांग, आरशावरच्या चिठ्ठ्या काढ. सतरा हा आकडा खुर्चीचा असतो, बाईचा नाही. तिथे आता धाकटी बसते. धाकटी आमच्यात धाकटी, नाहीतर चव्वेचाळीस पूर्ण. काल बघितलं, कुपी हातभर लांब धरून मान मागे नेते. तळची ओळ तिच्याकडून मीच घोकून घेतली होती. तेव्हा सतरा असला तरी खिडकीशी नेत जा.

तिला चष्म्याचं सांगितलं तर हसली. मी जशी हसले होते तशीच. म्हणून आता सांगत बसत नाही. रविवारी सकाळी तिला दंडाला धरून तुझ्याकडे आणते. मोठीही येईल, आणि आणखी एकजण आहे. तुझ्या मालकांना सांगून ठेव, तोंड बंद ठेवायचं. आणि फ्रेम्स धू.

लोभ होता तसा असेल तर रविवारी कळेलच.

तुझी मावशी


१२ एप्रिल

ती. मावशीस,

नमस्कार.

पत्र मिळालं. अक्षर तीन पूर्णांक चार मिलिमीटर, रेघेवर.

आईने चिठ्ठ्या काढल्या नाहीत. खुर्चीचं तिला सांगून पाहिलं. त्या दोन्ही चिठ्ठ्या बाईच्याच आहेत असं तिचं म्हणणं. मी वाद घातला नाही. परत मागवायचं पत्र आमच्या औषधाच्या दुकानात पोहोचलं आहे. घरचं एक खोकं मी परत देऊन आले.

जवळून वाचायची कार्डं दोन वेगवेगळी ठेवली आहेत, म्हणजे पहिलीने वाचलेलं दुसरीला चालीवर म्हणता येणार नाही. धाकटीला आधी बसवू.

दुकानातल्या एकशे बारा फ्रेम्स आज धुतल्या. गरम पाणी, साबण, दाढीचा नवा ब्रश. पाणी तीनदा बदललं. पहिल्या पाण्याचा रंग लिहीत नाही.

रविवारी दहाला ये.

तुझी भाची