ओरखडे पडलेला गोटा

दुक्म, ओमान, मंगळवार, १७ मार्च २०१५, संध्याकाळ

इस्माईलभाईंचा गोटा माझ्या टेबलावर आहे. त्यांच्या लोडरच्या केबिनमधून मीच उचलून आणला. का आणला?

गेल्या महिन्यात आमच्या खडीच्या खाणीवर भूगर्भशास्त्रवाल्या बाई आल्या होत्या, त्यांनी दिलेला. म्हणाल्या, कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे हिमनदी होती, हे ओरखडे बर्फाचे. आम्ही हसलो. या वाळवंटात बर्फ! मग मला म्हणाल्या, बर्फाने वाळू, खडी, गोटे नुसते ओतून टाकलेत, धरून ठेवणारं काही नाही, ही दरड खालून कोरू नका. मी मान डोलावली.

पण आम्ही खालूनच कोरतो. खालचं काढलं की वरचं आपोआप येतं, डोझर लागत नाही. मीच शिकवलंय सगळ्यांना. मी, कोकणातला माणूस. दरड काय करते हे मला कोणी सांगायला हवं होतं?

सकाळी इस्माईलभाई लोडर थांबवून म्हणाले, "सावंत, दरड सुटल्यासारखी वाटते. आधी वरून उतरवूया."

"यल्ला, चला भाई, डंपर खोळंबलेत."

ते लोडर घेऊन दरडीखाली गेले. सगळी दरड लोडरवर आली. बाहेर काढेपर्यंत खलास.

अहवालात मी लिहिलं, 'ताकीद देऊनही ऑपरेटर दरडीखाली गेला.' सही केली.

आत्ता श्रीवर्धनहून भाभींचा फोन आला होता. "भाऊ, त्यांना कुणी सावध केलं नव्हतं का?"

त्या ओरखड्यांवरून माझा अंगठा फिरत होता.

"केलं होतं, भाभी," मी म्हणालो. "मीच केलं होतं."