छतावरची हळद

संघप्रिया,

सोमवारी तुझी आई गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा निकेश मिस्त्री छतात नेटची वायर ओढत होता. तुझ्या खोलीतला आणि बैठकीतला वायफायचा डबा छताला लागला आहे, तुझं ऑफिसचं काम होईल.

स्वयंपाकघरातल्या डब्याची जागा आईनं दवाखान्यात जाण्याआधी बांबूच्या टोकाला हळद लावून, छतावर ठिपका करून दाखवली होती. "इथीच लावजा, भात शिजवता शिजवता पोरीसंग बोलीन," म्हणाली. काल निकेश ड्रिल घेऊन आला. भोक त्या हळदीतच पडणार होतं, म्हणून मी त्याला परत पाठवलं.

दवाखान्यात राहिलेली तिची शाल आणायला अहेरीला जातो. वरण झाकून ठेवलं आहे. निकेशला बोलवायचं असेल तर मी येण्याआधी बोलाव. स्वयंपाकघरातला डबा अजून लागायचा आहे.

बाबा