लॅबचे आकडे

राजारामपुरी, कोल्हापूर
मंगळवार

प्रिय आदिती,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही धडधाकट चालतोफिरतो आहोत. फोनवरच बोलले असते, पण फोन लावला की अण्णा शेजारी येऊन बसतात आणि त्यांच्यादेखत हे बोलवत नाही. आता ते अंघोळीला गेलेत तेवढ्यात लिहितेय, अक्षर कसंही आलं तरी गोड मानून घे.

तू पाठवलेला राऊटर पोचला, लावलासुद्धा. नेट काही आलं नाही. आता तू परत विचारशील, वायर हलवून बघितलीस का, बंद करून दोन मिनिटांनी चालू केलंस का, काळ्या खिडकीत ते पिंग टाईप केलंस का. सगळं केलं गं बाई. पिंग टाकलं की एकच उत्तर येतं, नेटवर्क सापडत नाही. तुझ्या सूचनांनी माझी लोणच्या-पापडांची वही भरली. दमले मी. चौसष्टाव्या वर्षी लिनक्स शिकणारी अख्ख्या राजारामपुरीत मी एकटीच असेन. तरी अण्णांना किती वेळा म्हटलं होतं, चारचौघांसारखा कॉम्प्युटर घ्या की. पण सगळ्यांनी मिळून केलेलं आणि सगळ्यांना फुकट वाटलेलं लिनक्स तेच खरं, हा त्यांचा हट्ट. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये बत्तीस वर्षं पोरांना तेच शिकवलं, घरात तेच बसवलं.

खरं सांगायचं तर लाईनीत दोष नाहीच. दिवाळीनंतर नेट गेलं तेव्हा केबलचा राजवर्धन येऊन गेला. त्याच्या फोनवर आपलं नेट झकास चाललं. मग त्यानं कॉम्प्युटरची सेटिंग उघडली आणि म्हणाला, काकू, इथं ऑटोमॅटिक असायला पाहिजे, कुणीतरी हातानं नेटच्या पत्त्याचे आकडे भरलेत आणि ते आपल्या घरातले न्हाईत. त्यानं नीट करून दिलं, मलाही शिकवलं. दुसऱ्या दिवशी परत तेच आकडे. अण्णांना विचारलं तर केवढ्या रागानं बघितलं माझ्याकडं. लॅबचे आकडे आहेत, म्हणाले, दुसरे कुठले असणार, दहाला पोरं येतील. लॅब सोडून त्यांना अकरा वर्षं झाली. चेष्टा करतायत असं वाटून मी हसले. ते हसले नाहीत.

डॉक्टरांकडं नेऊन आणलं. विसरण्याचा आजार आहे, गोळ्यांनी सावकाश वाढेल एवढंच, मागं फिरणार नाही म्हणाले. आपल्या जैन रीतीनं दिवस मावळायच्या आत आमची जेवणं उरकतात, पण अंधार पडला की ते परत ताट मागतात. जन्मात ज्यानं रात्री घास खाल्ला नाही त्या माणसाला मी हो म्हणू की नाही म्हणू? कधी कधी मला म्हणतात, बाई, तुम्ही बाहेर थांबा, लॅबमध्ये बाहेरच्यांना परवानगी नाही. एकेचाळीस वर्षं संसार केलाय मी यांच्याशी. जाऊन कट्ट्यावर बसते, काय करणार.

रविवारी तेवढं ऑटोमॅटिक केलं असतं तर नेहमीसारखी व्हिडिओवर तू दिसली असतीस. येतं मला ते. मीच केलं नाही, सात रविवार. तुझं बाळ अजून मांडीवर, त्यात नवी नोकरी, आणि पडद्यावर तुला बघून त्यांनी ‘या कोण?’ विचारलं असतं तर? मला ते सोसलं नसतं. फोनवर ते ‘हं’ म्हणून गप्प बसतात आणि तुला वाटतं अण्णा रुसलेत. रुसले नाहीत गं. मी तुझ्याशी खोटं बोलत आले, तू तिकडं बेंगळुरात बसून लाईन दुरुस्त करत राहिलीस, आणि मला तुझी दया यायची आणि माझा मलाच राग यायचा.

रोज दहाला इस्त्रीचा शर्ट घालून ते कॉम्प्युटरपुढं बसतात आणि हजेरी घेतात. तू त्यांच्या लॅबमध्ये शिकायला होतीस त्या तुझ्याच वर्गाची, तोंडपाठ. एकेक नाव घेतात, जरा थांबतात, पुढं जातात. फक्त तुझ्या नावाला पुढं जात नाहीत. दाराकडं बघत बसतात, कधी कधी जेवणाची वेळ होईपर्यंत. काल मला ते बघवेना, म्हणून दारातून मीच ‘हजर’ म्हटलं. त्यांनी चष्मा वर करून मला नीट न्याहाळलं आणि शांतपणे म्हणाले, “बाई, दुसऱ्यानं दिलेली हजेरी इथं चालत नाही. तिला स्वतः यायला सांगा.” म्हणून सांगतेय.

तुझीच,
आई