पाळण्याचं लाकूड

बावधन, ५ जून २०२५

ती. कैलासमामांना शि. सा. न. वि. वि.

पाळण्यासाठी शिसवी फळ्या आल्याचं कळलं. आपल्याकडे पहिला पाळणा मामाचाच, म्हणून मी कधीची वाट बघतेय. फक्त एक विचारू? लाकूड कुठून आणलंत? उरवड्याच्या फर्निचरच्या कारखान्यात दिवसभर मी हेच तपासते: कुठल्या रानातलं, तोडायची परवानगी होती का, वनखात्याचा ठसा आहे का. परक्यांच्या टेबलांचं विचारायचं आणि स्वतःच्या बाळाच्या पाळण्याचं नाही, हे मनाला पटेना. रागावू नका. मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो येणाऱ्या नातवंडापर्यंत पोचू द्या.

तुमची हेमलता

मुळशी, १४ जून

चि. हेमाला अनेक आशीर्वाद.

रागावलो. खोटं कशाला बोलू? तीस वर्षं रंधा मारतोय, माझ्या लाकडाचं कूळगोत्र कुणी विचारलं नव्हतं. तुझी मामी म्हणाली, लेकीनं इचारलंय तर सांगायला तुमचं काय जातंय? पण मलाच सांगता येईना. टेम्पोवाल्यानं दारात फळ्या आणल्या, शिसव बघून मी भुललो, काही विचारलं नाही. आता विचारतो. तू जिने चढू नकोस.

तुझा मामा

मुळशी, २२ जून

चि. हेमाला आशीर्वाद.

टेम्पोवाला उडवाउडवी करू लागला, तेव्हा एक फळी खांद्यावर टाकून वरच्या देवराईत गेलो; आपल्या भागात शिसव उरलाय तो तिथंच. तिथली वाळकी काटकीसुद्धा आपण उचलत नाही. तिथं गेल्या साली तोडलेलं शिसवाचं थोटूक दिसलं. फळीचं टोक टेकवलं, तर गाभ्यातली भेग भेगेला जुळली. देवापुढं नाक घासलं आणि सगळ्या फळ्या वनरक्षकाच्या हवाली केल्या.

आपल्या बांधावर फणस आहेत. त्यातल्या एका जुन्यासाठी परवानगीचा अर्ज दिलाय, बाकीचे राहतील. पण ओलं लाकूड जोडलं तर वाकतं. सुकायला दिवाळी उलटेल. बारशाला मामाचा पाळणा नाही, याचं फार वाईट वाटतंय. विकतचा आणा, मी झोका द्यायला येईन. माया कमी करू नकोस.

तुझा मामा

बावधन, २ ऑगस्ट

ती. मामांना शि. सा. न. वि. वि.

मुलगी झाली. नाक थेट तुमचं, आता तिचं ती बघेल. सासूबाईंनी बारशाचा दिवस विचारला, मी सांगितलं, फणस सुकला की. त्यांनी स्वतःच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधून दिली. तुमचे जावई जन्माच्या नोंदीचा फॉर्म भरून आले. नावाची जागा मी कोरी ठेवायला सांगितली होती, ठेवली.

तेव्हा घाई करू नका. नाव तुमच्याच पाळण्यात ठेवायचं. तोवर ती बिननावाची मजेत झोपतेय.

तुमची हेमा